आर्म केअर किट: ट्यूबला पैकीच्या पैकी, जड चेंडू कपाटात

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'आर्म केअर' छापलंय, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यांच्या हाताची काळजी. उघडल्यावर निघतं ते असं: मनगटाला बांधायच्या पट्ट्या असलेली रबरी ट्यूब, हलके-जड असे सहा मऊ चेंडू, धरून हलवली की थरथरत राहणारी एक लांब काठी, स्नायू रगडायला टणक गोळा, खांद्याला आणि कोपराला गुंडाळायची बर्फाची बाही, कोपराच्या पट्टीत बसणारा चिमुकला सेन्सर आणि त्याचं अ‍ॅप. शिवाय भिंतीवर लावायचा तक्ता. कंपनीचं नाव देत नाही, कारण असे संच अनेक जण काढतात. रंग बदलतो, तक्ता बदलतो, आतला माल जवळपास तोच.

मी कॅचर होते, म्हणजे पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा) टाकतो तो चेंडू मागे बसून झेलणारी. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर शिकवायला लागले. आता हाताखाली बारा ते सतरा वयाची मुलं-मुली आहेत आणि त्यातली निम्मी स्वतःला पिचर समजतात. एक अख्खा मोसम आणि नंतरची सुट्टी एवढ्या काळात आम्ही सगळ्यांनी मिळून हा संच पिळून काढला. निकाल आधीच सांगून टाकते: ट्यूब डोळे झाकून घ्या, सेन्सर परवडत असेल तर घ्या, चेंडू घेतलेच तर चावी स्वतःकडे ठेवा. बाकीचं असलं काय, नसलं काय.

माझी मुख्य तक्रार मालाबद्दल नाहीच. या खोक्यात दोन वेगळे धंदे एका नावाखाली घुसवलेत. एक हात सांभाळण्याचा, दुसरा वेग वाढवण्याचा. वेग वाढवण्यात गैर काहीच नाही, पिचरला तो हवाच. पण दोन्हीवर 'काळजी'चा एकच शिक्का मारला की पंधरा वर्षांचा मुलगा त्यातलं काय उचलणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

ट्यूबपासून सुरुवात करते, कारण सांगण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

बेसबॉलचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम. एवढीशी वस्तू फेकून हात दुखतोच कसा, असं पालक दर वर्षी विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. दुखणं चेंडूच्या वजनाचं नाही, हाताच्या वेगाचं आहे. फेकताना दंडाचं हाड खांद्यात आतल्या दिशेला जे गरकन फिरतं, त्याचा वेग मोठ्या पिचरांमध्ये सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास मोजला गेलाय. त्याच गतीने हात पूर्ण सेकंदभर फिरत राहिला असता तर एकोणीस-वीस गिरक्या झाल्या असत्या. चेंडू सुटला की चेंडूचं काम संपतं, हाताचं तिथून सुरू होतं. एवढ्या वेगात निघालेला हात काही क्षणांत थांबवायचा आणि तो खांद्याच्या खोबणीतून बाहेर खेचला जाऊ द्यायचा नाही. ती ओढ जवळपास माणसाच्या स्वतःच्या वजनाइतकी असते. ही ओढ सोसतात खांद्याच्या मागच्या बाजूचे छोटे स्नायू, रोटेटर कफ नावाच्या गटातले, आणि पाठीवरच्या चपट्या हाडाला जागेवर धरून ठेवणारे स्नायू. आरशात दिसणारी छाती आणि बायसेप या कामाला फारसे येत नाहीत. मुलं जिममध्ये जाऊन नेमकं तेच वाढवतात, तो भाग वेगळा.

कोपराचं गणित त्याहून नाजूक. अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत ग्लेन फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी प्रौढ पिचरांच्या कोपरावर, हात सगळ्यात मागे गेलेला असतो त्या क्षणाच्या आसपास, सुमारे ६४ न्यूटन-मीटरचा पीळ मोजला. मृतदेहांच्या कोपरांवर केलेल्या चाचण्यांत आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारी पट्टी) साधारण त्याच्या निम्म्या भाराला तुटलं होतं. मग दर पिचला, म्हणजे पिचरच्या दर फेकीला, प्रत्येकाचं लिगामेंट तुटत का नाही? कारण उरलेला भार मनगटाकडे जाणारे हाताचे स्नायू आणि हाडांचा एकमेकांवरचा दाब उचलतो. ते स्नायू थकले की भार कुणाकडे जातो, याचा विचार वाचणाऱ्याने स्वतःच करावा. हात थकलेला असताना फेकू नका, असं जे आम्ही घसा बसेपर्यंत सांगतो, त्यामागे एवढं साधं कारण आहे.

ट्यूबचं काम या मागच्या स्नायूंना जागं करायचं आणि हळूहळू बळकट करायचं. तक्त्यावर डझनभर व्यायाम आहेत, आम्ही त्यातले पाच-सहाच करतो. सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा व्यायाम म्हणजे बाहेरच्या दिशेचं फिरवणं. कोपर काटकोनात, बरगडीला टेकवलेलं, मध्ये घडी घातलेला छोटा टॉवेल. टॉवेल पडला म्हणजे कोपर सुटलं. हात पोटासमोरून बाहेर न्यायचा, तोही फार नाही, आणि परत आणताना जाण्यापेक्षा सावकाश आणायचा. मुलं जाताना जोर लावतात आणि येताना ट्यूबला हात ओढू देतात. म्हणजे थांबवण्याचा जो सराव करायचा, नेमका तोच गाळतात. दुसरी खूण खांद्याची. तीन-चार वेळा झालं की खांदा हळूच कानाकडे सरकायला लागतो, मान आखडते, कंबर मागे झुकते. असं दिसलं की मी काही न बोलता त्या मुलाला, ट्यूब बांधलेल्या कुंपणाकडे एक पाऊल पुढे ढकलते. ट्यूब सैल होते, खांदा खाली येतो. या ट्यूबची खुबी हीच: वजन बदलावं लागत नाही, उभं राहण्याची जागा बदलली की झालं. बारा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा धटिंगण एकाच ट्यूबवर काम करतात.

दुसरा आवडता व्यायाम दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर ठेवून मागे ओढण्याचा, ज्यात खांद्यामागची हाडं एकमेकांकडे येतात. तिसरा फेकण्याची उलटी हालचाल: फेकून झाल्यावर हात जिथे संपतो तिथून मागे, जिथून सुरू होतो तिथवर. बाकीचे व्यायाम वाईट नाहीत, पण बारा व्यायामांचा रतीब घातला की मुलं ते उरकतात. पाच दिले तर करतात.

तक्त्यात एक गोष्ट मला साफ नापसंत आहे. प्रत्येक व्यायामापुढे 'हात भरून येईपर्यंत' असं लिहिलंय. फेकायच्या आधी? मग फेकायचं कशाने? सामन्याआधी ट्यूब वापरायची ती अंगात ऊब यावी म्हणून, दहा-बारा वेळा, हलक्या ताणावर. दमवणारं काम फेकून झाल्यावर किंवा वेगळ्या दिवशी. आमच्या तक्त्यावर मी ते वाक्य काळ्या मार्करने खोडलंय.

आता मालाचा दर्जा. मनगटपट्ट्या उत्तम. हाताची पकड लागत नसल्यामुळे पुढचा हात उगाच थकत नाही, आणि मुठीने धरायच्या दांड्यांपेक्षा हे किती बरं ते एका आठवड्यात कळतं. पट्ट्यांचं वेल्क्रो मात्र लहान मनगटांना पुरत नाही. बारीक मुलींच्या हातावर पट्टी फिरते, म्हणून आम्ही खाली घामाची पट्टी घालतो. अडकवायची कडी दणकट आहे, जाळीच्या कुंपणाला, खांबाला, कशालाही लागते. ट्यूबचं रबर नैसर्गिक लॅटेक्स आहे आणि त्याचे दोन शत्रू: ऊन आणि ओझोन. कुंपणाला लटकवून ठेवली की गेली. ट्यूब जिथे पट्टीच्या बुचात शिरते तिथे बघा. तिथे ती दोन बोटांत वाकवली की आधी रंग फिका पडतो, मग केसासारख्या आडव्या रेघा दिसतात. रेघा दिसल्या की ट्यूब बाद, अजून चालेल वगैरे काही नाही. आमची एक ट्यूब ताणलेली असताना त्याच जागी तुटली आणि पट्टीने एका मुलाच्या दंडावर चांगला वळ उठवला. तोंडावर बसली असती तर हे परीक्षण वेगळ्या सुरात झालं असतं. सोबतच्या कागदात याबद्दल अवाक्षर नाही. तेव्हापासून वापरून झाली की पुसून, टाल्कम भुरभुरून, अंधाऱ्या पिशवीत. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी वेगळी ट्यूब बघावी. तशाही मिळतात, पण ताण थोडा खरखरीत येतो.

जड चेंडूंकडे वळू.

सहा चेंडू, नेहमीच्या चेंडूपेक्षा हलके दोन, जड चार, सगळ्यात जड जवळपास एक किलोचा. बाहेरून मऊ, आत रेतीसारखं काहीतरी, भिंतीवर आपटले तरी उसळून अंगावर येत नाहीत. माल म्हणून झकास. एका चेंडूची शिवण उसवून आतली रेती गळली, तो चेंडू बदलून मिळाला. तक्रार आहे ती तक्त्याबद्दल. त्यात भिंतीसमोर गुडघ्यावर बसून फेकायचे सौम्य प्रकार आहेत आणि त्याच पानावर धावत येऊन पूर्ण ताकदीने जड चेंडू फेकायचा प्रकारही आहे, शेजारी रडार गनचं (वेग मोजायच्या यंत्राचं) चित्र. वयाचा उल्लेख कुठेही नाही.

जड चेंडूंनी वेग वाढतो का? वाढतो, खोटं कशाला सांगू. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायकेल राइनोल्ड आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात १३ ते १८ वयाच्या ३८ पिचरांचे दोन गट केले होते. एका गटाने सहा आठवडे दोन औंसांपासून बत्तीस औंसांपर्यंतचे (सुमारे ५७ ते ९०७ ग्रॅम) चेंडू फेकले. त्यांचा वेग सरासरी ३.३ टक्के वाढला. खांदा मागे फिरण्याची मर्यादाही सुमारे ४ अंशांनी वाढली. आणि त्यातले २४ टक्के दुखावले. साधा सराव करणाऱ्या दुसऱ्या गटात कुणीच नाही. छोटा अभ्यास आहे, त्यावरून जड चेंडू हे विषच असं कुणी म्हणू नये. मोठे, वाढ पूर्ण झालेले, नीट बांधलेले खेळाडू तज्ज्ञाच्या नजरेखाली हे वापरतात आणि त्यांना फायदा होतो. पण खांदा अचानक चार अंश जास्त मागे जायला लागला, तर त्या नव्या चार अंशांत त्याला सांभाळायचं कोणी? स्नायू सहा आठवड्यांत तेवढे तयार होत नाहीत. वेग आधी येतो, ब्रेक मागाहून.

त्यात माझ्याकडची बरीच मुलं अजून वाढीच्या वयातली. मोठ्या माणसाचं लिगामेंट दुखावतं तिथे मुलांचं हाड दुखावतं, कारण वाढीची कूर्चा लिगामेंटपेक्षा कच्ची असते. कोपराच्या आतल्या उंचवट्याला त्रास झाला तर 'लिटल लीग एल्बो', खांद्याजवळच्या वाढीच्या पट्टीला झाला तर 'लिटल लीग शोल्डर'. नावं गोंडस आहेत ('लिटल लीग' ही लहान मुलांची बेसबॉल संघटना), पण महिनोन् महिने फेकणं बंद होतं. म्हणून आमच्याकडे जड चेंडूंवर सरळ बंदी आहे असं नाही, पण नियम कडक आहे. पंधराच्या खालच्यांनी हात लावायचा नाही. वरच्यांनी मधले दोनच वापरायचे, भिंतीकडे पाठ करून उलटे फेकण्यासाठी आणि बसून हळू फेकण्यासाठी. पूर्ण ताकद आणि रडार गन नाही. एक किलोचा चेंडू आता दार उघडं ठेवायला वापरतो, ते काम तो चोख करतो.

थरथरती काठी: मध्ये धरून हलवायची, दोन्ही टोकं डोलतात, खांदा स्थिर ठेवायला छोट्या स्नायूंना राबावं लागतं. काम करते. मुलांना ती तलवार वाटते आणि दहा मिनिटांत युद्ध पेटतं. ट्यूब असताना तिची गरज नाही. रगडायचा गोळा खांद्यामागे भिंतीवर दाबून फिरवला की बरं वाटतं, आणि बरं वाटणं हीही गोष्ट आहेच. पण लॅक्रोस या खेळातला साधा टणक रबरी चेंडू हेच करतो.

गोळ्याच्या पानावर एक ताण दिलाय, कुशीवर झोपून पुढचा हात जमिनीकडे दाबण्याचा. रोज, सगळ्यांनी, दुखेपर्यंत! फेकणाऱ्या हाताचा खांदा मागे जास्त आणि आत कमी फिरतो, हे खरं. पण त्यातला बराच भाग हाडाचा असतो. लहानपणापासून फेकणाऱ्यांचं दंडाचं हाडच थोडं मागे वळलेलं राहतं. हाड ताणून काय होणार? दोन्ही खांद्यांचं मागचं आणि आतलं फिरणं मोजून बेरीज करायची. बेरीज दोन्हीकडे जवळपास सारखी असेल तर काही बिघडलेलं नाही. फेकणाऱ्या हाताची बेरीज पाचपेक्षा जास्त अंशांनी कमी भरली तर फिजिओकडे जायचं. मोजल्याशिवाय ढकलायचं नाही.

बर्फाची बाही शिवायला छान, चेन मजबूत, थंडावा बराच वेळ टिकतो. तिच्याबद्दलचं लिखाण मात्र जुनाट. 'बर्फामुळे लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं' असं बाहीवरच छापलंय. लॅक्टेट बर्फ असो-नसो, तासाभरात रक्तातून उतरतंच. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं त्याचं नाहीच. १९७८ मध्ये आराम, बर्फ, दाब, उंची हा चौघांचा मंत्र ज्यांनी रूढ केला त्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे, २०१४ मध्ये, बर्फाने बरं होण्याची प्रक्रिया लांबू शकते असं लिहून आपली भूमिका बदलली. बर्फाने वेदना बधिर होते, एवढं खरं. आणि माझ्या दृष्टीने धोका तिथेच आहे. कोपर बधिर करून मुलगा परवा परत फेकायला येतो आणि 'ताई, आता काही नाही' म्हणतो. आम्ही फेकून झाल्यावर हलकं धावतो, ट्यूबवर दोन सोपे व्यायाम करतो आणि मुलांना वेळेवर झोपायला सांगतो. झोपेचं कुणी ऐकत नाही.

दुखण्याबद्दल पालकांसाठी लिहून ठेवते, कारण संचातल्या कागदात हे असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी खांद्याच्या मागे, पाठीला, पायांना जडपणा आला तर घाबरू नका, तो मेहनतीचा आहे. कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, फेकताना खांद्यात चमक, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या, कोपर पूर्ण सरळ न होणं: यातलं काहीही दिसलं तर फेकणं त्याच क्षणी बंद आणि डॉक्टर. गोळी घेऊन खेळवू नका.

राहिला सेन्सर. यावर माझं मत मोसमात दोनदा बदललं.

चीज हुशार आहे. पट्टी चढवली की प्रत्येक फेक मोजते, हाताचा वेग आणि कोपरावरच्या भाराचा अंदाज देते, आणि गेल्या काही दिवसांच्या मानाने आज जास्त झालं का ते हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात दाखवते. पहिले काही आठवडे मी भारावून गेले. सामन्यातल्या पिचा सगळेच मोजतात. वॉर्म-अपच्या, इनिंगच्या मधल्या, घरामागे भावाबरोबरच्या कुणी मोजत नाही. सेन्सरने त्या उघड्या पाडल्या. आमच्या एका मुलाच्या सामन्यात पन्नास पिचा आणि दिवसभरात एकूण फेकी त्याच्या दुपटीच्या वर, हे त्याच्या आईने स्क्रीनवर पाहिलं तेव्हा माझं महिनाभराचं बोलणं वाचलं.

मग कॅचरच्या हाताला पट्टी बांधली आणि अ‍ॅपची पंचाईत झाली. कॅचर दर पिचला चेंडू परत फेकतो, मध्येच दुसऱ्या बेसकडे (धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्याकडे) जीव तोडून फेकतो. परत फेकणं इतकं हलकं की सेन्सर कधी मोजतो, कधी सोडून देतो. अ‍ॅपमध्ये 'पिचर' आणि 'इतर' असे दोनच रकाने. मी इतर! जन्मभर चेंडू झेलून मी इतर. पिच टाकून लगेच कॅचर म्हणून बसणारा मुलगा सगळ्यात धोक्यात असतो, इतका की लिटल लीगच्या नियमांत ४१ किंवा जास्त पिचा टाकलेल्याला त्या दिवशी कॅचर होताच येत नाही. अ‍ॅपला हे माहीतच नाही. ते दोन्ही कामं करणाऱ्या मुलाला हिरवा रंग दाखवत होतं.

दुसरी अडचण रंगाचीच. मुलं रंग वाचतात, हात वाचत नाहीत. थकवा मला अ‍ॅपच्या आधी दिसतो. चेंडू वर आणि फेकणाऱ्या हाताच्या बाजूला सुटायला लागतात, कोपर खांद्याच्या खाली उतरतं, दोन पिचांमध्ये वेळ जास्त जायला लागतो, टोपी काढून घाम पुसण्याचं प्रमाण वाढतं. ग्लोव्हमध्ये येणारा आवाज बदलतो, तो कॅचरला डोळे मिटूनही कळतो. अशा वेळी मी माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) गेले की 'ताई, अजून हिरवं आहे' हे ऐकावं लागतं. २००६ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया करावी लागलेल्या किशोर पिचरांची तुलना धडधाकट पिचरांशी केली होती. वर्षात आठ महिन्यांहून जास्त स्पर्धेत पिच करणाऱ्यांमध्ये धोका पाचपट निघाला. आणि थकलेल्या हाताने नेहमी पिच करणाऱ्यांमध्ये छत्तीसपट. हा आकडा मी अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर टाकला असता.

मोजण्यापुरतं बोलायचं तर आकडे फुकट उपलब्ध आहेत. मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांनी २०१४ मध्ये काढलेल्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शनात ११-१२ वयाला दिवसाला ८५ पिचा, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५ ही कमाल. चौदा आणि खालच्यांनी ६६ किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस विश्रांती. वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग. संचाचा तक्ता बारा महिन्यांचा आहे आणि त्यात 'सुट्टी' नावाचा रकाना नाही. सुट्टीत विकायला काही नसतं, दुसरं काय. आम्ही ते चार महिने फुटबॉल खेळलो आणि ट्यूबवर राहिलो.

मुलं मग मात्सुझाका या जपानी पिचरचं नाव काढतात. १९९८ च्या कोशिएनमध्ये, म्हणजे जपानच्या शालेय बेसबॉल स्पर्धेत, दाइसुके मात्सुझाकाने पीएल गाकुएन या शाळेविरुद्ध सतरा इनिंगांत २५० पिचा टाकल्या, हे खरंच आहे, आणि त्या सामन्याची गोष्ट मलाही आवडते. पण त्याच जपानच्या शालेय महासंघाने २०२० पासून एका पिचरला आठवड्यात ५०० पिचांची मर्यादा घातली, ती काय हौस म्हणून? पालकांचं पालुपद वेगळं: कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन करून घेतलं की म्हणे वेग वाढतो. डॉ. फ्रँक जोब यांनी मेजर लीगचा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरात उजव्या हाताची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बसवली ती २५ सप्टेंबर १९७४ ला. पुढचं अख्खं १९७५ तो खेळला नाही, १९७६ ला परतला आणि कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्यानंतरचे. थोर गोष्ट. पण वेग वाढवायला कोपर कापून घ्यायचं, यात शहाणपण कुठलं? परतल्यावर कुणी जोरात फेकत असेल तर वर्षभर पाय, कंबर आणि खांदा घासून कमावलेलं ते बळ आहे. ते न कापताही मिळतं.

तर सेन्सरचा शेवटी हिशेब असा: एका संघाला एक पुरे, तोही जास्त फेकतोय असा संशय असलेल्या मुलाला आठवडाभर बांधायला. रोजची नोंद आम्ही वहीत ठेवतो. तारीख, किती फेकलं, कुठे खेळला, सकाळी उठल्यावर हात कसा वाटला. शेवटचा रकाना मुलाने स्वतः लिहायचा. पहिले काही दिवस सगळे 'मस्त' लिहितात. नंतर 'जड आहे', 'आतून दुखतंय' असं खरं यायला लागतं, कारण लिहिल्यामुळे कुणाला संघाबाहेर काढलं नाही, फक्त त्या दिवशी पहिल्या बेसवर, जिथे फेकायचं काम कमी, उभं केलं, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

किरकोळ बाबी. व्हिडिओ स्वच्छ आहेत, पण सगळे उजव्या हाताचे. आमची डावखुरी पिचर फोन आरशासमोर धरून बघते. अ‍ॅप दर आठवड्याला 'या आठवड्यात वेग किती वाढला?' अशी सूचना पाठवतं, ती सेटिंगमध्ये शोधून बंद करा. ग्राहक सेवा चांगली आहे. तुटलेल्या ट्यूबच्या बदली नवीन आली, वाद घातला नाही. लहान पट्ट्यांबद्दल विचारलं तर मुलांच्या मापाची ट्यूब वेगळी मिळते असं कळलं, जे खोक्यावर कुठेच नाही.

घ्यायचं कोणी? एकट्या मुलासाठी अख्खा संच घेऊ नका, ट्यूब सुटी मिळते आणि ती दर मोसमाला बदलायचीच असते. संघ असेल आणि लक्ष द्यायला मोठं माणूस रोज हजर असेल तर संच परवडतो. मोठे, कॉलेजच्या वरचे पिचर, ज्यांच्याकडे प्रशिक्षक आणि फिजिओ दोघं आहेत, त्यांना जड चेंडूंचा उपयोग होईल, पण ते हे परीक्षण वाचत नसावेत. नुकतं कोपर किंवा खांदा दुखावून परतणाऱ्यांनी यातलं काहीही आपल्या मनाने सुरू करू नये, ट्यूबसुद्धा नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर ट्यूबला पाच, सेन्सरला तीन, बाहीला दोन, चेंडूंना वयाप्रमाणे चार किंवा शून्य. तक्त्याला एक, तोही कागद जाड आहे म्हणून. पुढच्या मोसमासाठी मी ट्यूबच मागवल्यात, त्यातल्या दोन लहान पट्ट्यांच्या.